ॲसिड सांडलं की भुसा टाकणाऱ्यांसाठी

कारखान्यात नायट्रिक ॲसिडचा कॅन फुटला की पहिली हाक कोणाला जाते? सेफ्टी ऑफिसरला नाही, झाडूवाल्याला. ‘भुसा टाक आणि भरून घे.’ ठेकेदाराचा तो माणूस तोंडाला रुमाल बांधतो आणि वाकतो. याला निष्काळजीपणा म्हणतात, आणि तो झाडूवाल्याचा नव्हे.

तीव्र नायट्रिक ॲसिड आणि लाकडाचा भुसा यांची गाठ घालूच नये. भुसा पेटू शकतो आणि तांबूस धूर निघतो. त्यात नायट्रोजन डायऑक्साइड असतो. हा वायू पाण्यात कमी विरघळतो. त्यामुळे अमोनियासारखा नाकाघशाला जोराचा चटका न देता तो फुप्फुसात खोलवर उतरतो. रुमाल ओला असो की कोरडा, हा वायू त्याने अडत नाही.

फसगत पुढेच होते. थोडा खोकला येतो, डोळे चुरचुरतात, तासाभरात बरं वाटतं. सुपरवायझर सांगतो, ‘काही झालं नाही, घरी जा.’ त्यानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी साचू लागतं. दम लागतो, तोंडाला फेस येतो. म्हणून असा धूर छातीत गेलेल्या माणसाला ठीक दिसत असला तरी हॉस्पिटलमध्येच न्यायचं, किमान २४ तास देखरेखीखाली ठेवायचं. त्याला चालवायचं नाही, जिने चढवायचे नाहीत.

‘आम्ही वर्षानुवर्षं भुसाच टाकतो, कोणाला काही झालं नाही,’ असं मालक सांगतात. तुम्हाला कळणार कसं? दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तर हजेरीपटावर फक्त ‘गैरहजर’ लागतं.

सांडलं की आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं, वारा येतो त्या बाजूला. आवरायला फक्त प्रशिक्षित माणसं जातील, तीही हवेचा सिलिंडर आणि ॲसिडरोधक पोशाख घालून. कोरडी वाळू त्यांच्यासाठी तयार हवी. अंगावर उडालं असेल तर कपडे उतरवून तिथेच वाहत्या पाण्याखाली निदान २० मिनिटं धुवा, डोळेसुद्धा. अंगावर सोडा चोळू नका. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत नळ बंद करू नका. (चुनकळीची पूड असेल तर मात्र आधी कोरडी झटका, मग भरपूर पाणी.) शॉवर बसवायला पैसे नाहीत म्हणणाऱ्यांनी आयसीयूचं एका दिवसाचं बिल एकदा बघावं.

१९८४ साली भोपाळमध्ये आपण कोणत्या वायूवर उपचार करतोय हे डॉक्टरांना धड सांगितलं गेलं नव्हतं. त्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याची माहिती कामगाराला देणं मालकावर बंधनकारक झालं. तरीही पेशंटसोबत येणारे लोक आम्हाला सांगतात, ‘कसलंतरी ॲसिड होतं.’ निदान डब्यावरच्या लेबलाचा फोटो तरी काढून आणा, तोही लांबूनच.