विरंगुळा केंद्रात पाटी-पेन्सिल हवी

नवी मुंबईत महापालिकेने ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रे उभारली, हे चांगलेच झाले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांत पाळ्या केलेले, बाजार समितीत पाठीवरून गोणी वाहिलेले आमचे बांधव आता तिथे बसतात. त्यांनी जरूर बसावे. उभा जन्म राबलेल्या माणसाला कॅरमचे दोन डाव खेळण्याचा हक्क आहे. आमची तक्रार निराळीच आहे, आणि ती आपल्याच माणसांशी आहे. पेपर एकजण वाचतो, चौघे ऐकतात. त्या चौघांच्या घरची आजी तर केंद्राच्या दारापर्यंतही पोचत नाही.

अशा आजीसाठी काय करता येते, ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात घडले आहे. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. योगेंद्र बांगर हे तिथले जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक. आपल्याला वाचता येत नाही, ही म्हाताऱ्या बायांची खंत त्यांच्या कानी आली आणि त्यांनी ती मनावर घेतली. मोतीराम दलाल ट्रस्टने पाटी, दप्तर आणि गुलाबी लुगडी दिली. विद्यार्थिनी साठ ते नव्वद वयाच्या. शिकवायला गावचीच एक सून, आणि तिच्या वर्गात तिची सासूबाई! सुनेने सासूचा गृहपाठ तपासायचा, हे आपल्या घरांत कितीजणींना जमेल ते सांगता येत नाही.

आम्हाला त्या शाळेतली एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. वर्ग दुपारी दोन ते चार. म्हणजे शेतातले, चुलीपुढचे काम उरकून बाई मोकळी होते ती वेळ. आपल्याकडे वर्ग काढायचा म्हटले की संध्याकाळी सहाची वेळ ठरते. त्या वेळी आजीच्या हातात पीठ असते, नाहीतर नातू असतो. मग ‘बायका येतच नाहीत’ म्हणून आपण मोकळे.

ज्येष्ठांच्या शिक्षणाची ही कल्पना जगालाही नवी नाही. फ्रान्समधल्या तुलूझ शहरात १९७३ साली निवृत्तांसाठी विद्यापीठाचे वर्ग निघाले. पुढे इंग्लंडात तर निवृत्तांनी एकमेकांनाच शिकवायचे ठरवले. परीक्षा नाही, दाखला नाही. आपल्या केंद्रात बसणारा निवृत्त फिटर, कारकून, परिचारिका, मास्तर यांच्याकडे देण्यासारखे काय कमी आहे? आणि फार लांब कशाला, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ सालीच कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती.

वर्षभराचे काम आपल्या दिवसांतच बसते. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला हार घालतो, त्याच दिवशी पाट्या वाटाव्यात. पहिले दोन महिने स्वतःचे नाव, नातवाचे नाव, बसचा क्रमांक आणि औषधाच्या पाकिटावरची तारीख, एवढेच. साठीनंतर बोटे ताठतात, अक्षर आज येते नि उद्या विसरते. त्यात लाज नाही. चष्म्याचा नंबर मात्र आधी तपासून घ्यावा. कितीतरी बायांना ‘डोकं चालत नाही’ वाटते तिथे नुसते डोळे चालत नसतात.

सरकारच्या ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमात (२०२२ ते २०२७) पंधरा वर्षांवरील कोणालाही नाव घालता येते, वरची वयोमर्यादा नाही. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची चाचणी त्यात असते. द्यायची तर द्यावी, नाहीतर राहू द्यावी.

पावसाळा मात्र महत्त्वाचा. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात बाबासाहेबांच्या धम्मग्रंथाचे वाचन चालते. पुढे बसून हात जोडून ऐकणाऱ्यांत आज्याच जास्त. वर्षानुवर्षे त्या ऐकत आल्या. ज्या आजीने जानेवारीत पाटी धरली, तिच्यापुढे त्या पावसाळ्यात पुस्तक सरकवावे आणि दोन ओळी वाचू द्याव्यात. अडखळली तर कोणी मध्येच शब्द पुरवू नये, थांबावे. पाऊस थांबतोच आहे कुठे!

दिवाळीनंतर हयातीच्या दाखल्याची धावपळ. नोव्हेंबर २०१४ पासून हा दाखला संगणकाने देता येतो, पुढे मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येऊ लागला. कंपनीच्या भविष्य निर्वाह निधीतून पेन्शन घेणाऱ्यांना तर नोव्हेंबरचीच वाट पाहावी लागत नाही. दाखला वर्षात केव्हाही द्यावा, तिथून बारा महिने चालतो. ही माहिती नसल्याने कोणाची पेन्शन अडली, तर हजार-दोन हजारांत घर चालवणाऱ्याच्या चुलीवरच घाव पडतो. तेव्हा हा एक दिवसाचा वर्ग केंद्रातच घ्यावा. मोबाईलवर आलेला गुप्त आकडा कोणालाही सांगायचा नाही, हेही त्याच दिवशी शिकवावे. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या गोड आवाजालाही नाही.

खर्चाचा प्रश्न येईलच. जागा आहे, चटई आहे, शिकवणारे निवृत्त घरी बसून आहेत. पाट्या तेवढ्या विकत घ्याव्या लागतील. त्या प्रत्येकीला वेगळ्या द्या. दोघींत मिळून एक नको.