नकाशातला रंग कोण ठरवतो?

ऐकीव गोष्टीवर आपण शंका घेतो. आकड्यांच्या लांबलचक तक्त्यावर तर हमखास घेतो. पण तेच आकडे रंगीत नकाशाच्या रूपाने समोर आले की आपली शंका कुठल्या कुठे पळून जाते! गडद रंगाचा देश पुढारलेला, फिकट रंगाचा मागासलेला, असा निवाडा आपण क्षणार्धात देऊन मोकळे होतो. तो रंग कोणीतरी भरलेला असतो आणि भरताना त्याने काही निवड केलेली असते, हे आपल्या ध्यानातही येत नाही. आज मला त्या रंग भरणाऱ्याविषयी लिहायचे आहे. कारण मित्रहो, तो आता दूर कुठल्या सरकारी कचेरीत राहत नाही. तो आपल्याच वर्गात, शेजारच्या बाकावर बसतो.

अशा नकाशाला भूगोलाच्या पुस्तकात क्षेत्रघनी नकाशा म्हणतात. देश, राज्य किंवा जिल्हा हा एक घटक धरायचा, त्याचा आकडा पाहायचा आणि त्या मानाने त्याला फिकट अथवा गडद छटा द्यायची, एवढीच त्याची रीत. या प्रकारचा पहिला ज्ञात नकाशा १८२६ साली फ्रान्समध्ये शार्ल द्युपँ याने काढला. देशाच्या कोणत्या भागात शिक्षणाचा प्रसार किती झाला आहे, हे त्याने काळ्या-पांढऱ्या छटांनी दाखवले. पुढे कितीतरी वर्षे महाविद्यालयांतून हे काम हातानेच होत असे. ट्रेसिंग पेपर, काळी शाई आणि रंगपेटी घेऊन बसायचे. एका जगाच्या नकाशात दोन-तीन दिवस सहज जायचे.

आता ते दिवस गेले. 'आर' नावाची संख्याशास्त्रीय संगणकभाषा आपल्या प्रयोगशाळेत आली आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात तिचा पाया घातला आणि २००० साली तिची पहिली पूर्ण आवृत्ती बाहेर पडली. ती संपूर्णपणे फुकट आहे. आपल्यासारख्या साधारण ऐपतीच्या महाविद्यालयाला हे मोठेच वरदान होय. या भाषेत नकाशांसाठी 'आरवर्ल्डमॅप'सारखी तयार पॅकेजेस आहेत. देशांची नावे आणि आकडे असलेली यादी द्यावी, एक आज्ञा देऊन ती जगाच्या नकाशाशी जोडावी, दुसरी आज्ञा देऊन रंग भरावेत. चार-पाच ओळींत काम फत्ते!

या सोयीला माझा विरोध नाही. हाताने रंग भरल्याने कोणी अधिक विद्वान होतो, असेही मी मानत नाही. माझा आक्षेप एका समजुतीला आहे. "नकाशा संगणकाने काढला आहे, त्यात चूक कशी असेल?" असे उद्गार तोंडी परीक्षेच्या वेळी ऐकू येतात. पण संगणकाला अनेक गोष्टी सांगाव्या लागतात. आपण त्या सांगितल्या नाहीत तर तो अडून बसत नाही. पॅकेज लिहिणाऱ्याने आधी ठरवून ठेवलेले उत्तर तो निमूटपणे वापरतो. म्हणजे निर्णय होतोच, फक्त तो आपण घेतलेला नसतो.

उदाहरणच घेऊ. समजा, आठ देशांचे साक्षरतेचे आकडे ६०, ८८, ९०, ९१, ९२, ९३, ९४ आणि ९५ टक्के असे आहेत आणि आपल्याला चार छटा वापरायच्या आहेत. समान अंतराचे वर्ग पाडले तर ६० टक्क्यांचा देश सर्वांत फिकट वर्गात एकटा पडेल, मधले दोन वर्ग रिकामे राहतील आणि उरलेले सातही देश एकाच गडद रंगात येतील. पाहणारा म्हणेल, एक देश सोडला तर सगळीकडे आनंदीआनंद आहे. आता प्रत्येक वर्गात सारख्याच संख्येने देश येतील असे वर्ग पाडू. मग ६० आणि ८८ हे दोन देश एका रंगाचे होतील आणि ९१ व ९२ मात्र वेगवेगळ्या रंगांचे! आकडे तेच, देश तेच, पण गोष्ट पार बदलली. काही न सांगितल्यास 'आरवर्ल्डमॅप' ही दुसरी रीत वापरते आणि सात वर्ग पाडते. ही रीत वाईट नाही, पण ती का वापरली याचे उत्तर नकाशा काढणाऱ्याजवळ हवे.

रंगांच्या छटांचीही तीच कथा. गडद म्हणजे अधिक, असे आपण शाळेपासून शिकत आलो. 'जीजीप्लॉट२' हे लोकप्रिय पॅकेज मात्र, आपण वेगळे न सांगितल्यास, मोठ्या आकड्याला फिकट निळा आणि लहान आकड्याला गडद निळा रंग देते. कोपऱ्यातली सूची न वाचता पाहणारा सरळ उलटा अर्थ घेईल.

त्याहून गंभीर प्रश्न एकूण संख्या आणि प्रमाण यांचा आहे. कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्जनाचा नकाशा काढला तर चीन आणि अमेरिका यांच्या पाठोपाठ भारत तिसरा येतो आणि गडद रंगात उठून दिसतो. तोच आकडा लोकसंख्येने भागून दरडोई नकाशा काढा. भारताचा आकडा जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही खाली जातो आणि रंग फिका पडतो. दोन्ही नकाशे खरे. पण पहिला नकाशा पुष्कळसा लोकसंख्येचाच नकाशा असतो, हे काढणाऱ्याने सांगितले नाही तर पाहणाऱ्याला कसे कळावे? म्हणूनच क्षेत्रघनी नकाशात शक्यतो प्रमाण दाखवावे, एकूण संख्येसाठी लहान-मोठी वर्तुळे वापरावीत, असा जुना संकेत आहे. संगणक तो संकेत पाळत नाही. त्याला आकडा हवा असतो, कसला का असेना.

आता नकाशातून गायब होणाऱ्या देशांकडे वळू. आकड्यांची यादी आणि नकाशा यांतील नावे जुळली तरच रंग भरला जातो. स्वाझीलंडने २०१८ साली एस्वातिनी हे नाव घेतले. यादीत एक नाव आणि नकाशात दुसरे असले की तो देश कोराच राहतो. नावांऐवजी आंतरराष्ट्रीय संकेताक्षरे वापरावीत, तर तिथेही गंमत आहे. नामिबियाचे दोन अक्षरी संकेत 'एनए' असे आहे आणि 'आर' भाषेत 'एनए' याचा अर्थ 'माहिती उपलब्ध नाही' असा होतो. मग यादी वाचतानाच संगणक नामिबियाचे संकेत पुसून टाकतो. १९९० साली स्वातंत्र्य मिळवलेला एक देश दोन अक्षरांपायी नकाशावरून उतरतो! तीन अक्षरी संकेत वापरले की हा घोटाळा टळतो. किती देश जुळले आणि किती जुळले नाहीत, हे 'आरवर्ल्डमॅप' पडद्यावर स्पष्ट छापते; पण रंगीत चित्र पुढे येत असताना त्या दोन ओळी वाचतो कोण?

सीमांचे तर विचारूच नका. 'मॅप्स' या जुन्या पॅकेजातील जगाच्या नकाशात सोव्हिएत संघ २०१५ पर्यंत जसाच्या तसा उभा होता. प्रत्यक्षात तो १९९१ अखेर विसर्जित झाला होता. आपल्या कर्नाटकातलेच पाहा. २०११ च्या जनगणनेत राज्यात ३० जिल्हे होते. २०२१ साली बळ्ळारीतून विजयनगर हा नवा जिल्हा निघाला. २०११ चे आकडे आजच्या नकाशावर टाकले की विजयनगर कोरा दिसतो आणि लहान झालेल्या बळ्ळारीवर जुन्या, मोठ्या बळ्ळारीचा आकडा चढतो. देशाच्या बाह्य सीमांबाबत तर कायदाच आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे १९९० च्या दुरुस्तीने दंडनीय ठरवले. त्याला सहा महिन्यांपर्यंतची कैद सांगितली आहे. 'नॅचरल अर्थ' या फुकट मिळणाऱ्या नकाशासंग्रहाचे धोरण, ज्या प्रदेशावर प्रत्यक्ष ताबा ज्याचा त्याप्रमाणे सीमा दाखवण्याचे आहे. तिथून आणलेला भारत तसाच अहवालात छापणाऱ्याने हे आधीच तपासलेले बरे.

कोणी म्हणेल, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला एवढे महत्त्व कशाला? गुण मिळाले, अहवाल कपाटात गेला, विषय संपला. मला हे पटत नाही. आज जो प्रकल्प करतो तोच उद्या जिल्हा पंचायतीत, बँकेत, वर्तमानपत्रात बसून नकाशे काढणार आहे आणि त्या रंगांवर पैसा वाटला जाणार आहे. कर्नाटकातील प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या डॉ. नंजुंडप्पा समितीने २००२ साली अहवाल दिला. तिने राज्यातील १७५ तालुक्यांपैकी ११४ मागास ठरवले आणि त्यांचे तीन वर्ग केले: ३९ अत्यंत मागास, ४० अधिक मागास आणि ३५ मागास. समितीने आपले निकष अहवालात मांडले, म्हणून त्यांवर चर्चा तरी होऊ शकते. पण विचार करा, वर्गाची रेघ थोडी वर किंवा खाली सरकली तर काठावरच्या तालुक्याचा रंग बदलतो आणि रंगाबरोबर त्याचा निधीवरचा हक्कही बदलतो. ती रेघ कुठे ओढायची हे कोणा पॅकेजाच्या ठरीव उत्तरावर सोपवणे आपल्याला परवडेल काय?

आणि आपल्या भागातील विद्यार्थ्यांनी तर याबाबत इतरांपेक्षा अधिक सावध असायला हवे. ज्या नियतकालिकात मी हे लिहीत आहे त्यात मराठी विभाग आहे तसा कन्नड विभागही आहे. 'प्रत्येक जिल्ह्यातील बहुसंख्यांची मातृभाषा' असा नकाशा जनगणनेवरून कोणी काढला तर बेळगाव जिल्ह्याला एकच रंग मिळेल. आकडा खोटा नसेल. पण खानापूर आणि रामदुर्ग या एकाच जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत भाषेच्या दृष्टीने किती अंतर आहे, ते त्या रंगाखाली बुजून जाईल. जिल्ह्याऐवजी तालुका घटक धरला तर चित्र बदलेल. गाव धरले तर पुन्हा बदलेल. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि शेजाऱ्याशी उर्दू बोलणारा माणूस मात्र तिन्ही नकाशांत सापडणार नाही; कारण क्षेत्रघनी नकाशा एका जागेला एकच रंग देतो. असा नकाशा हातात घेऊन कोणी तावातावाने बोलू लागला, मग तो कोणत्याही भाषेचा असो, तर "घटक कोणता धरला आणि का?" एवढे विचारण्याची तयारी आपली असली पाहिजे.

यावर उपाय काय? उपाय अवघड नाही. माझी आपल्या प्राध्यापकवर्गाला नम्र सूचना आहे की, यापुढे कोणत्याही शाखेच्या प्रकल्पातला नकाशा त्याच्याखाली चार ओळी लिहिल्याशिवाय स्वीकारू नये. पहिली ओळ, आकडे कोणाचे आणि कोणत्या वर्षाचे. दुसरी, ते एकूण संख्येचे की प्रमाणाचे. तिसरी, वर्ग कोणत्या रीतीने पाडले आणि तीच रीत का. चौथी, सीमा कोणत्या नकाशावरून आणि कोणत्या सालच्या घेतल्या व कोणते घटक कोरे राहिले. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न या चार ओळींवर विचारावा. शक्य तिथे वर्गांची रीत बदलून दुसरा नकाशा काढायला लावावा. आज्ञेतला एक शब्द बदलायचा असतो, अर्धे मिनिटही लागत नाही. हाताने रंग भरणाऱ्यांना ही चैन परवडत नव्हती. आपल्याला परवडते, हाच नव्या साधनाचा खरा फायदा आहे.

विद्यार्थी मित्रांना सांगणे एवढेच की, नकाशाखाली आपले नाव लिहिताना त्यातल्या प्रत्येक रंगाबद्दल आपल्याला उत्तर देता येते की नाही, हे एकदा स्वतःला विचारा. पुढील वर्षीच्या प्रकल्पांत या चार ओळी दिसू लागल्या, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.