बंदुकीच्या दारूचा भाव कोण ठरवत होते?

१/ युद्ध पेटले की दारूगोळा महागतो आणि तह झाला की स्वस्त होतो, हा जणू निसर्गनियमच आहे, अशा थाटात युद्धांचा आर्थिक इतिहास सांगितला जातो. ‘मागणी-पुरवठा’ एवढे म्हटले की विषय संपतो. हे स्पष्टीकरण फार सोयीचे आहे, कारण भाव ठरवणारी माणसे त्यात दिसतच नाहीत. ती पाहायची असतील तर सोऱ्याच्या व्यापाराकडे वळावे लागते. #धागा

२/ काळ्या बंदुकीच्या दारूत सुमारे ७५ टक्के सोरा असतो. बाकी कोळसा आणि गंधक. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडला उत्तम सोरा मिळे तो बिहारमधून, पाटण्यामार्गे. जहाजाच्या तळाशी वजन म्हणून सोरा आणि त्यावर कापडाचे गठ्ठे, अशी भरणी होई.

३/ १६९३ साली ईस्ट इंडिया कंपनीला नवी सनद मिळाली, तीत एक अट होती : दरवर्षी ५०० टन सोरा राजाच्या दारूगोळा खात्याला द्यावा. दर शांततेच्या काळात टनाला साडेअडतीस पौंड, युद्धकाळात ४५ पौंड.

४/ म्हणजे युद्ध सुरू होण्यापूर्वीच युद्धाचा भाव कागदावर आला होता. वाढ सुमारे १७ टक्के, त्याहून अधिक नाही. बाजारात कितीही घबराट उडो, राजाची तिजोरी सुरक्षित. कंपनीला या मोबदल्यात पूर्वेच्या व्यापाराची सनद मिळाली. याला मुक्त बाजार म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे.

५/ साखळीचे दुसरे टोक बिहारमधील नोनिया. पावसाळ्यानंतर गोठ्यांजवळची, जुन्या भिंतींच्या पायथ्याची खारी माती खरवडायची, पाण्यात भिजवून गाळायची, ते पाणी उकळून स्फटिक काढायचे. सरपण व कढया यांसाठी भांडवल नसे. म्हणून दलालांमार्फत आगाऊ रक्कम मिळे. तिचे नाव दादनी.

६/ दादनीने गरिबाच्या हाती पैसा आला, असा युक्तिवाद आजही केला जातो. पैसा आला, हे खरेच. पण त्याबरोबर माल कोणाला विकायचा हे ठरवण्याचा हक्क गेला. १७५८ साली क्लाइव्हने मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ता कंपनीसाठी मिळवला आणि गिऱ्हाइकांतली स्पर्धाही संपवली.

७/ त्याची झळ युरोपलाही बसली. १७५७ मध्ये चंद्रनगर पडले होते. सप्तवार्षिक युद्धात फ्रान्सला सोऱ्याची टंचाई जाणवली. १७७५ साली तेथे दारूनिर्मिती सरकारी नियंत्रणाखाली आणली गेली आणि कारभाऱ्यांत लाव्हाझिएसारखा रसायनशास्त्रज्ञ नेमावा लागला.

८/ आता १८६१. अमेरिकेत यादवी पेटलेली. उत्तरेच्या सरकारसाठी लामॉट ड्यूपॉन्ट नोव्हेंबरमध्ये इंग्लंडला गेला आणि बाजारातील बहुतेक सोरा त्याने विकत घेतला. खरेदी सरकारच्या नावे न होता कंपनीच्या नावे झाली. खरा गिऱ्हाईक कळला असता तर विक्रेत्यांनी भाव कुठवर नेला असता, हे वेगळे सांगायला नको.

९/ त्याच महिन्यात उत्तरेच्या युद्धनौकेने ‘ट्रेंट’ हे ब्रिटिश जहाज अडवून दक्षिणेचे दोन दूत पकडले. ३० नोव्हेंबरला ब्रिटनने सोऱ्याची निर्यात बंद केली. दूत सुटल्यानंतर, जानेवारी १८६२ मध्ये, बंदी उठली. तोवर विकलेला माल बंदरातच अडकून राहिला.

१०/ या धावपळीत बिहारच्या वाट्याला काय आले? सुएझ कालवा खुला व्हायला अजून आठ वर्षे होती. केपला वळसा घालून येणाऱ्या जहाजांना महिने लागत. लंडनमध्ये विकला गेलेला सोरा नोनियाने केव्हाच, जुन्या दराने, देऊन टाकला होता. त्या साठ्यावरच्या भाववाढीतला एक पैसाही त्याच्यापर्यंत मागे जाणे शक्य नव्हते.

११/ आगाऊ कराराने वरच्याला भाववाढीपासून वाचवले आणि खालच्याला तिच्यापासून वंचित ठेवले. घबराटीचा नफा ज्याच्या गोदामात त्या दिवशी माल होता, त्याचा. हे सारे माणसांनी सनदा, मक्ते आणि दादन्या लिहून घडवले आहे. त्यात निसर्गनियम कसला? युद्धकाळातील एखादा भाव उद्धृत करणाऱ्याने तो कोणी, केव्हा आणि कोणाशी ठरवला होता, हेही सांगावे. तेवढे न सांगता मांडलेला इतिहास म्हणजे व्यापाऱ्याच्या खातेवहीची नक्कल.