पळण्याआधीचा हिशोब

अमेरिकेत फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड येथे जानेवारीत ‘डोपी चॅलेंज’ भरते. सलग चार दिवसांत 5, 10, 21.1 आणि 42.2 किलोमीटर, म्हणजे एकूण 78 किलोमीटरांहून अधिक धावावयाचे असते. अर्ध्याहून अधिक अंतर शेवटच्याच दिवशी येते. म्हणून जाणता धावपटू पहिले दोन दिवस सावकाश धावतो आणि दुपारी उद्यानात भटकत नाही. मुद्दल शिल्लक राखतो.

जैन कुटुंबातील धावपटूला आणखी एक हिशोब मांडावा लागतो. शर्यत पहाटे 5 वाजता सुटते. तेथे त्या दिवसांत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. नवकारसीची 48 मिनिटे धरता पाण्याचा पहिला घोट आठनंतरच. आदल्या सायंकाळी चौविहार केलेल्याला सुमारे तीन तास पाण्याविना धावावे लागेल. 5 किलोमीटर कदाचित निभावतील. मॅरेथॉनमध्ये असे धावणे धोक्याचे आहे. मैलाला 16 मिनिटांची मर्यादा असल्याने संथ धावणारा तर सात तास मार्गावर असतो.

पच्चक्खाणातील आगार अडचणीसाठी आहेत, हौसेसाठी नव्हेत. आजन्म नियम असेल, त्याने छोट्या दौडीवर समाधान मानावे. रोज पच्चक्खाण घेणाऱ्याने त्या चार दिवसांचा विचार गुरुमहाराज आणि डॉक्टर या दोघांशी करावा. मात्र हे सारे शुल्क भरण्यापूर्वी व्हावे. एकदा पैसे गुंतले की मन नियमातच सवलत शोधू लागते.