अन्न हेही औषधच!

परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हापासून कर्करोगाने गांजलेली माणसे देशाच्या कानाकोपऱ्यातून मुंबईची वाट धरीत आली आहेत. धर्मशाळेत ज्यांना जागा मिळत नाही, त्यांतले कित्येक रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर संसार मांडतात. आजची औषधे यांतील अनेकांस बरे करण्यास समर्थ आहेत. तथापि कर्करोगाच्या तावडीतून सुटू पाहणारा रुग्ण रक्तात शिरलेल्या जंतूंना बळी पडावा, ही शोकांतिका वारंवार घडते. आणि अर्धपोटी माणसास तिचा धोका अधिक, याकडे आम्ही सरकारचे व समाजाचे लक्ष वेधू इच्छितो.

याचे कारण समजण्यास वैद्यकाची पदवी नको. कर्करोगावरील कित्येक औषधे रोगपेशींबरोबर अस्थिमज्जेवरही आघात करतात. रक्तातील न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. एका घन मिलिमीटर रक्तात त्यांची संख्या ५०० च्या खाली गेली की वेशीवर राखण उरत नाही. त्यातच तोंडाचे व आतड्याचे अस्तर सोलवटते आणि एरवी आतड्यात निमूट राहणारे जंतू रक्तात उतरतात. अशा वेळी साधा वाटणारा तापही उसंत देत नाही. अन्नाने कर्करोग बरा होतो, असे आमचे म्हणणे नाही. पोटभर जेवणाऱ्यासही हा धोका टळत नाही. परंतु ढासळलेली तटबंदी पुन्हा उभारावयाची तर प्रथिने हवीत, उष्मांक हवेत. चहा-पावावर दिवस काढणाऱ्याने ती आणावीत कोठून?

क्षयाच्या बाबतीत शासनाने हे तत्त्व मान्य केले आहे. निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून क्षयरुग्णास आहारासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. मग कर्करुग्णानेच कोणता अपराध केला? हजारो रुपयांचे औषध शिरेतून द्यावयाचे आणि दूध, अंडी, डाळ मात्र रुग्णाच्या नशिबावर सोडावयाची, ही काटकसर नव्हे, उधळपट्टी होय.

आमची मागणी साधी आहे. उपचारांच्या पहिल्याच दिवशी प्रत्येक रुग्णाचे वजन व आहार यांची नोंद व्हावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत, रुग्ण रुग्णालयाबाहेर असतानाच्या पोषक आहाराचाही खर्च धरला जावा. दानशूर मुंबईकरांनी धर्मशाळांतील चुली पेटत्या ठेवाव्यात. औषधाच्या चिठ्ठीवर यापुढे अन्नही लिहिले जावे आणि ते रुग्णाच्या ताटात पडेल, याची हमी सरकारने घ्यावी.