जिंजीहून आलेली माता

बेंगळुरूच्या शिवाजीनगर मेट्रो स्थानकाला सेंट मेरीचं नाव द्यावं, अशी शिफारस करण्याचं आश्वासन मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये दिलं आणि महाराष्ट्रात संताप उसळला. शिवरायांचं नाव जाऊ नये, ही भावना रास्तच आहे. पण त्या गदारोळात ज्या सेंट मेरी चर्चवरून विषय निघाला, त्याच्याकडे आपण वळून पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर आपल्या ओळखीचं एक नाव भेटलं असतं : जिंजी.

सतराव्या शतकात जिंजीच्या मुलखातून काही तमिळ ख्रिस्ती कुटुंबं पोटापाण्यासाठी बेंगळुरूकडे आली, असं चर्चची परंपरा सांगते. आजच्या शिवाजीनगरच्या जागी असलेल्या ब्लॅकपल्ली नावाच्या खेड्यात त्यांनी गवताने शाकारलेलं प्रार्थनाघर उभारलं. त्यातल्या मेरीला नाव दिलं कानिक्कै माता. कानिक्कै म्हणजे देवाला वाहिलेली भेट. बेंगळुरू १६३८ पासून शहाजीराजांच्या आणि पुढे एकोजीराजांच्या जहागिरीत होतं. तिकडे जिंजी १६७७ मध्ये शिवरायांनी घेतली आणि राजाराम महाराजांच्या काळात १६९० ते १६९८ मोगलांचा वेढा तिने सोसला. गडावर लढणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. पायथ्याच्या रयतेला मात्र बखरीत जागा मिळाली नाही. तिच्यातल्या काहींची खूण या चर्चच्या रूपाने उरली आहे, म्हणून मला ते मोलाचं वाटतं.

श्रीरंगपट्टण इंग्रजांच्या हाती पडल्यावर फ्रेंच धर्मगुरू आबे द्युब्वा म्हैसूर मुलखात आले. देशी पोशाखात राहणारा आणि देवी रोगाची लस गावोगाव पोचवणारा हा माणूस. १८१३ मध्ये त्यांनी झोपडीच्या जागी छोटं चॅपल बांधलं. तोवर शेजारी इंग्रजांची छावणी वसली होती आणि खेड्याचं खेडेपण सरत चाललं होतं. १८३२ च्या दंगलीत चर्चवर हल्ला झाला. आजची गॉथिक वास्तू फादर क्लाइनर यांनी १८७५ ते १८८२ या काळात उभी केली. तिच्या रंगीत काचा दुसऱ्या महायुद्धात उतरवून ठेवल्या होत्या, त्या १९४७ मध्ये परत चढल्या. पुढे पोप सहावे पॉल यांनी तिला बॅसिलिकेचा, म्हणजे विशेष दर्जाच्या चर्चचा, मान दिला.

इतक्यांदा उभारणी होऊनही झोपडीतल्या माणसांची छाप इथून गेलेली नाही. मेरीला आजही साडी नेसवतात. २९ ऑगस्टला ध्वज चढतो आणि ८ सप्टेंबरच्या जत्रेपर्यंत भगवी वस्त्रं घातलेले भाविक पायी येत राहतात. त्यांत तमिळ असतात, कन्नड असतात, ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. वारी पाहिलेल्या मराठी माणसाला ही गर्दी परकी वाटणार नाही.

स्थानकाचं नाव शिवाजीनगरच राहू द्यावं. मात्र आत शिरताना दिसेल अशा एका भिंतीवर जिंजीपासून ब्लॅकपल्लीपर्यंतची ती वाट आणि गवताचं ते प्रार्थनाघर चितारावं, आणि खाली मजकूर कन्नड, तमिळ व मराठीत लिहावा. ही मागणी महाराष्ट्राने स्वतःहून करावी.