पाटी बदलली, सेवेचे काय?

१ मे २०२५ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक यांचे एकत्रीकरण होऊन राज्यात एकच ग्रामीण बँक अस्तित्वात आली. नागपूरचे मुख्यालय गेले, छत्रपती संभाजीनगरचे राहिले. खातेदाराच्या लेखी अशी गोष्ट पाटी बदलली की संपते. काउंटरच्या आत बसणाऱ्या लिपिकाच्या लेखी मात्र ती तेथून सुरू होते. ज्येष्ठता यादीत आपले नाव कोठे लागणार, बढती किती वर्षे मागे पडणार, बदली कोठे होणार, हे प्रश्न पासबुकावर उमटत नाहीत.

बँकांच्या कर्मचाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. २०१७ मध्ये पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक स्टेट बँकेत विलीन झाल्या. २०१९ मध्ये विजया आणि देना या बँका बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० रोजी दहा बँकांच्या चार झाल्या. त्यानंतर सार्वजनिक क्षेत्रात अवघ्या बारा बँका उरल्या. या सर्व वेळी ‘कोणाचीही नोकरी जाणार नाही’ असे आश्वासन देण्यात आले. परंतु नोकरी टिकणे आणि नोकरीतील स्थान टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कायद्याने पहिल्या गोष्टीची बरीच काळजी घेतली आहे. मालक बदलला तरी सेवा अखंड मानावी आणि नव्या मालकाकडील अटी पूर्वीपेक्षा निकृष्ट नसाव्यात, अन्यथा भरपाई द्यावी, हे तत्त्व १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात आले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कायम आहे. तथापि हे संरक्षण कामगाराच्या व्याख्येत बसणाऱ्यांपुरतेच आहे. अधिकाऱ्याला विलीनीकरणाची योजना आणि आपल्या सेवाशर्ती यांवरच विसंबावे लागते.

खरी मेख ज्येष्ठतेत आहे. १९९३ मध्ये न्यू बँक ऑफ इंडिया पंजाब नॅशनल बँकेत विलीन झाली, तेव्हा तिच्या कर्मचाऱ्यांची ज्येष्ठता कशी मोजावी हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका संस्थेत बढती लवकर मिळते, दुसरीत उशिरा; मग दोन याद्या एकत्र करताना कोणावर तरी अन्याय होतोच. वेतन कमी झालेले पहिल्याच महिन्यात कळते. ज्येष्ठता घसरल्याचे कळावयास कधी कधी दहा वर्षे लागतात.

म्हणूनच कर्मचाऱ्याने डोळसपणे वागले पाहिजे. नियुक्तिपत्र, कायम केल्याचा व बढतीचे आदेश, रजेचा हिशेब, भविष्यनिर्वाह निधीची नोंद आणि निवृत्तिवेतनाचा दिलेला विकल्प यांच्या प्रती प्रत्येकाने घरी जपून ठेवाव्यात. जुने कार्यालय बंद झाल्यावर त्या शोधून देणारा कोणी भेटत नाही. विलीनीकरणाची योजना स्वतः वाचावी. ज्येष्ठतेची तात्पुरती यादी लागली की हरकत मुदतीत, लेखी नोंदवावी आणि पोच घ्यावी. स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तर केवळ हाती येणाऱ्या रकमेकडे न पाहता उरलेल्या वर्षांचे वेतन व निवृत्तिवेतन यांचा हिशेब मांडावा. व्यावसायिक पात्रताही वाढवावी. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बँकिंग संस्थेच्या परीक्षा एका बँकेपुरत्या नसतात. पाटी बदलली तरी ते प्रमाणपत्र बदलत नाही.

परंतु सारा भार कर्मचाऱ्यावर टाकणे न्याय्य ठरणार नाही. ताळेबंद जुळविण्यासाठी तज्ज्ञ नेमले जातात, समभागांचे प्रमाण ठरविले जाते. मग वीस वर्षांच्या सेवेचे मोल ठरविण्याचे काम विलीनीकरण झाल्यानंतरच्या परिपत्रकावर का सोडावे? ज्येष्ठतेचे सूत्र विलीनीकरणाच्या दिवसापूर्वी, संघटनांशी चर्चा करून, जाहीर झाले पाहिजे. संघटनांनीही ‘आमची बँक’ आणि ‘त्यांची बँक’ हा भेद सोडून एकत्र बसले पाहिजे. कारण आज सामावून घेणारी संस्था उद्या स्वतःच विलीन होणार नाही, याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही.

संस्थांची नावे शासनाच्या एका अधिसूचनेने पुसली जातात. त्या नावाखाली ज्यांनी उमेदीची वर्षे वेचली, त्यांची सेवा मात्र तितक्या सहजतेने पुसली जाता कामा नये.